श्वासाचा आलेख कुठे आहे? कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसच्या आडवळणी रूपांपुढे हृदयाच्या प्रतिमा-तपासण्यांचे परीक्षण

पायांवर सूज आणि पोटात पाणी असलेला एक रुग्ण सुमारे वर्षभर यकृताच्या विकारावरची औषधे घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या फायलीत छातीचा सीटी स्कॅन होता आणि रिपोर्टच्या शेवटी ‘हृदयावरणाची जाडी २ मिलिमीटर, कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस म्हणजे हृदयावरण, अर्थात हृदयाभोवतीची पिशवी, ताठर होऊन हृदयाला आवळते तो आजार. रुग्ण ताठ बसलेला असतानाही त्याच्या मानेच्या शिरा जबड्याच्या कोनापर्यंत फुगलेल्या दिसत होत्या, आणि श्वास आत घेताना उतरण्याऐवजी त्या आणखी वर चढत होत्या. पुढे नीट केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि कॅथेटर तपासणी, म्हणजे हृदयात बारीक नळी घालून दाब मोजणे, यांनी शिरांचीच बाजू घेतली, आणि शस्त्रक्रियेत चिवट, ताणले न जाणारे हृदयावरण काढून टाकल्यावर पोटातले पाणी परत भरले नाही. त्या सीटी केंद्राचे नाव मी येथे घेत नाही, कारण चूक एका केंद्रापुरती नाही. प्रतिमा-तपासणीकडून कोणती सेवा मागायची आणि मिळालेल्या उत्तराला किती वजन द्यायचे, याबद्दलच्या व्यापक गैरसमजाची ती चूक आहे. म्हणूनच इको, सीटी, एमआरआय आणि त्यांच्या मागे उभी असलेली कॅथेटर तपासणी या सेवांचे हे परीक्षण मी एक नेहमीचा ग्राहक, म्हणजे चिठ्ठी लिहून रुग्ण पाठवणारा फिजिशियन, या नात्याने लिहीत आहे.

या आजाराचे पाठ्यपुस्तकी रूप ओळखणे कोणत्याही तपासणीला फारसे जड जात नाही. हृदयावरण जाड झालेले आहे, त्यावर कॅल्शियमचे कवच चढलेले आहे, महाशीर, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर, फुगलेली आहे आणि दोन्ही अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, काहीशी मोठी आहेत, असे चित्र समोर आले की निदान जवळजवळ आपोआप होते. माझ्या दृष्टीने तपासणीची खरी किंमत जिथे हे चित्र अपुरे, एकांगी किंवा उलटे असते तिथे ठरते, आणि अशी रूपे वाटतात तितकी दुर्मीळ नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेने निदान पक्के झालेल्या १४३ रुग्णांपैकी २६ जणांच्या, म्हणजे १८ टक्के रुग्णांच्या, हृदयावरणाची जाडी २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे सामान्यच, भरली होती. त्याच संस्थेच्या आधीच्या एका मालिकेत १३५ रुग्णांपैकी केवळ ३६ जणांच्या हृदयावरणात क्ष-किरण चित्रावर कॅल्शियम दिसले होते. याचा सरळ अर्थ असा की जाडी आणि कॅल्शियम ही दोन चिन्हे दिसली तर उपयोगी पडतात, पण ती दिसली नाहीत म्हणून आजार नाही असे म्हणण्याचा अधिकार ती देत नाहीत.

असे का होते, हे समजण्यासाठी आजाराची यंत्रणा एकदा डोळ्यांसमोर आणावी लागते, आणि पुढचे सगळे मूल्यमापन तिच्यावरच उभे आहे. हृदयावरणाने ताणले जाण्याचा गुण गमावला की चारही कप्प्यांना मिळून ठरावीक जागा उरते. श्वास आत घेताना छातीतला दाब उतरतो, फुप्फुसांच्या शिरांमधला दाबही त्याबरोबर उतरतो, परंतु कडक कवचाच्या आत असलेल्या डाव्या निलयापर्यंत, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यापर्यंत, तो बदल पोहोचत नाही. त्यामुळे डावीकडे रक्त ढकलणारा दाबातला फरक कमी होतो, डावा निलय कमी भरतो आणि मोकळी झालेली जागा उजवा निलय घेतो, म्हणून दोघांमधला पडदा डावीकडे झुकतो. श्वास सोडताना हाच खेळ उलटा होतो आणि उजव्या बाजूला जागा न मिळाल्याने यकृताच्या शिरांमध्ये रक्त मागे सरकते. या सगळ्यात जाडीचा उल्लेख कुठेही आलेला नाही. पातळ पण चिवट आवरणही हे सर्व घडवून आणू शकते, आणि जाड पण लवचीक आवरण यातले काहीही घडवत नाही. कन्स्ट्रिक्शन ही दोन श्वासांच्या दरम्यान घडणारी घटना आहे, आणि श्वास रोखून काढलेल्या स्थिर चित्रात ती सापडण्याची अपेक्षा करणेच मुळात अवास्तव आहे.

या कसोटीवर इको ही सेवा माझ्या मते पहिल्या क्रमांकाची आहे, आणि तीच सर्वाधिक निष्काळजीपणे दिली जाते. १९८९ मध्ये हॅटल, ॲपलटन आणि पॉप यांनी डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या इकोच्या, साहाय्याने डाव्या अलिंद आणि निलयामधल्या मायट्रल झडपेतून जाणारा प्रवाह श्वासाबरोबर कसा बदलतो हे दाखवले, तेव्हापासून या निदानात इकोचे स्थान पक्के झाले. मेयो क्लिनिकच्याच २०१४ मधील अभ्यासाने तीन खुणा निवडल्या: श्वासाबरोबर पडद्याचे सरकणे, मायट्रल झडपेच्या कड्याच्या आतल्या बाजूचा ई-प्राइम वेग (हृदय भरू लागताना कडे ज्या वेगाने हलते तो) सेकंदाला ९ सेंटिमीटर किंवा अधिक असणे, आणि श्वास सोडताना यकृत-शिरांतील उलटा प्रवाह पुढच्या प्रवाहाच्या ०.७९ पट किंवा अधिक असणे. पडद्याचे सरकणे आणि उरलेल्या दोहोंपैकी कोणतीही एक खूण एकत्र आढळली, तर संवेदनक्षमता (आजार असलेल्यांपैकी किती ओळखले जातात) ८७ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले जातात) ९१ टक्के भरते. खाटेशेजारी करता येणाऱ्या, किरणोत्सर्ग नसलेल्या आणि पुनःपुन्हा करता येणाऱ्या तपासणीसाठी ही कामगिरी अतिशय चांगली आहे.

मात्र ही कामगिरी यंत्राच्या खोक्यातून आपोआप बाहेर येत नाही. इको यंत्राला श्वासाचा आलेख स्क्रीनवर उमटवणारी सोय असते. ती बहुतेक वेळा कपाटात पडून असते आणि टेक्निशियनने ईसीजीच्या तीन तारा लावल्या की काम सुरू होते. श्वासाचा आलेख नसेल, तर पडद्याची हालचाल श्वासाबरोबर होते आहे की प्रत्येक ठोक्याबरोबर होणारी ती नुसती उसळी आहे, हे सांगता येत नाही, आणि यकृत-शिरेतला उलटा प्रवाह श्वास घेताना आहे की सोडताना, हेही ठरत नाही. हा फरक बारीकसारीक नाही. श्वास सोडताना उलटा प्रवाह वाढत असेल तर दोष हृदयावरणात असण्याची शक्यता बळावते, आणि श्वास घेताना वाढत असेल तर हृदयाच्या स्नायूच्या ताठरपणाकडे, म्हणजे रिस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपॅथीकडे, संशय वळतो. पहिल्या रुग्णाला शस्त्रक्रिया बरे करू शकते आणि दुसऱ्याला त्याच शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. एवढा मोठा निर्णय ज्या एका पट्टीवर टेकलेला आहे ती पट्टी न लावता केलेल्या इकोला मी पाचपैकी दोनच गुण देईन, मग चित्र कितीही सुस्पष्ट असो.

ई-प्राइमबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण आडवळणी रूपांत तोच अनेकदा निर्णायक ठरतो आणि तोच अनेकदा फसवतो. निरोगी हृदयात मायट्रल कड्याच्या बाहेरच्या बाजूचा वेग आतल्या बाजूपेक्षा जास्त असतो. कन्स्ट्रिक्शनमध्ये बाहेरची भिंत हृदयावरणाला चिकटून जखडली जाते आणि लांबीच्या दिशेची हालचाल आतल्या बाजूने भरून काढली जाते, त्यामुळे हा क्रम पुष्कळ रुग्णांत उलटा होतो. ज्याचा हृदयविकार इतका गंभीर आहे त्याच्या कड्याचा वेग सामान्य, किंबहुना सामान्यापेक्षा चांगला असावा, ही विसंगतीच निदानाचा धागा असते. इको करणारी व्यक्ती या धाग्याशी परिचित नसेल, तर ‘डायस्टोलिक कार्य उत्तम’ असा शेरा मारून ती मोकळी होते. असे रिपोर्ट मी एकाहून अधिक वेळा वाचले आहेत. उलट बाजूने, छातीवर पूर्वी रेडिएशन घेतलेल्या रुग्णांत हृदयावरण आणि स्नायू दोन्ही बाधित असू शकतात आणि ई-प्राइम उतरलेला आढळतो, तर मायट्रल कड्यावर कॅल्शियम साचलेल्या वृद्धांत तो त्या कारणानेही उतरतो. अशा रुग्णांत ई-प्राइम कमी आहे एवढ्यावरून कन्स्ट्रिक्शन नाकारणे धोक्याचे आहे. तिथे पडदा आणि यकृत-शिरा यांच्या साक्षीलाच अधिक मान द्यावा लागतो.

मायट्रल प्रवाहातील श्वासागणिक होणारा बदल, जो एके काळी २५ टक्क्यांच्या उंबरठ्यासह या निदानाचा कणा समजला जात असे, तोही काही रुग्णांत दिसत नाही. शिरांमधला दाब फारच वाढलेला असला, तर हृदय इतके ठासून भरलेले असते की श्वासाने पडणारा फरक झाकला जातो. अशा वेळी रुग्णाला उठून बसवून किंवा टेबलाचे डोके वर उचलून हृदयाकडे येणारे रक्त थोडे कमी केले की लपलेला बदल उघड होतो. याच्या अगदी उलट गटही आहे: लघवी वाढवणाऱ्या औषधांनी रुग्ण इतका कोरडा झालेला असतो की महाशीर सामान्य दिसते, दाब सामान्य भरतात आणि कन्स्ट्रिक्शन दडून बसते. १९७७ मध्ये अशा ‘सुप्त’ रूपाचे वर्णन करताना शिरेवाटे सुमारे एक लिटर सलाइन वेगाने देऊन ते उघडकीस आणण्याची पद्धत मांडली गेली होती. एकच आजार एका रुग्णात पाणी कमी करून दिसावा आणि दुसऱ्यात पाणी वाढवून, यात पहिल्या वाचनात विरोधाभास वाटतो. पण ठरावीक जागेच्या भांड्यात किती रक्त भरले आहे यावर खुणा अवलंबून असल्याने दोन्ही तितकेच तर्कसंगत आहे. हे दोन्ही प्रयोग इको-कक्षात करता येतात, सीटीच्या नळीत करता येत नाहीत. इकोला वरचे स्थान देण्याचे हेही एक कारण आहे.

इकोच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. दम्यासारख्या किंवा धूम्रपानाने जडलेल्या दीर्घकालीन फुप्फुसविकारात श्वासाबरोबर छातीतला दाब इतका हेलकावतो की मायट्रल प्रवाह कन्स्ट्रिक्शनसारखाच बदलताना दिसतो. तेव्हा वरच्या महाशिरेतला प्रवाह पाहणे उपयोगी पडते, कारण फुप्फुसविकारात तो श्वास घेताना पुष्कळ वाढतो आणि कन्स्ट्रिक्शनमध्ये फारसा हलत नाही. परंतु ही नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक ठोक्याचे अंतर वेगळे असल्याने श्वासाचा परिणाम कोणता आणि ठोक्याचा कोणता हे वेगळे काढण्यासाठी बराच वेळ नोंद घेत राहावे लागते, आणि गर्दीच्या दिवशी तो वेळ कोणी देत नाही. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची तीव्र गळती असलेला रुग्ण तर बाह्य लक्षणांत, पडद्याच्या हालचालीत आणि कधी कधी दाबांच्या आलेखातही कन्स्ट्रिक्शनची हुबेहूब नक्कल करतो. आणि हृदयावरणाची जाडी छातीवरून केलेल्या इकोने मोजू नये हे उत्तम. त्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

आता सीटीकडे वळतो. या सेवेवर माझा राग आहे असा समज वरील प्रसंगावरून होऊ नये, कारण ती जे काम करते ते दुसरी कोणतीही तपासणी तितके चांगले करत नाही. कॅल्शियम कुठे आहे, किती आहे आणि ते स्नायूत शिरले आहे का, याचा नकाशा सीटीच देते, आणि त्यासाठी कॉन्ट्रास्ट औषधाचीही गरज नसते. पूर्वी बायपास झालेल्या रुग्णाची छाती पुन्हा उघडायची असेल, तर उरोस्थीच्या मागे उजवा निलय किंवा जुनी कलमे किती चिकटून आहेत हे शल्यविशारदाला आधी ठाऊक असणे आवश्यक असते, आणि तेही सीटीच सांगते. परंतु थोडेसे द्रव आणि थोडेसे जाड झालेले आवरण यांत सीटीला नेहमी भेद करता येत नाही, आणि डाव्या निलयाच्या बाहेरच्या भिंतीवर चरबी कमी असल्याने तिथे आवरणाची कडाच हरवते. ४ मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी संशयाला बळ देते. २ मिलिमीटर जाडी कशालाही बळ देत नाही. ‘कन्स्ट्रिक्शन नाही’ हे वाक्य सीटीच्या रिपोर्टमध्ये असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जाडी सामान्य आहे, चित्रावरून कन्स्ट्रिक्शन नाकारता येत नाही’ असे लिहिणारा रेडिओलॉजिस्ट मला भेटला, तर पुढचे सगळे रुग्ण मी त्याच्याकडेच पाठवीन.

सीटीची खरी उपयुक्तता स्थानिक कन्स्ट्रिक्शनमध्ये दिसते, आणि माझ्या मते हा या विषयातला सर्वांत रोचक भाग आहे. कवच हृदयाला सर्व बाजूंनी सारखे वेढते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते कधी अलिंद आणि निलय यांच्यामधल्या खाचेत अंगठीसारखे बसते आणि झडपेच्या पाकळ्या निर्दोष असतानाही मायट्रल किंवा ट्रायकस्पिड झडप अरुंद झाल्याचे चित्र निर्माण करते. डॉप्लरमध्ये दाबाचा फरक मिळतो, झडपेचा विकार म्हणून रुग्ण पुढे जातो, आणि पाकळ्या सहज उघडताना दिसत असूनही प्रवाह का अडतो असा प्रश्न कोणी विचारला तरच कॅल्शियमच्या कड्याकडे नजर जाते. हेच आवळणे उजव्या निलयाच्या बाहेर जाणाऱ्या मार्गावर पडले, तर फुप्फुस-धमनीची झडप अरुंद असल्याचा भास होतो. कधी आवळपट्टा दोन्ही निलयांच्या मध्यावर पडतो आणि हृदयाला वाळूच्या घड्याळाचा आकार येतो. कवचात मध्येच खिडकी राहिली असेल, तर तेवढा स्नायू तिथून बाहेर फुगतो आणि इकोवर त्याला स्नायूचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, समजले जाते. इथे गंमत अशी की फुगलेला भाग त्यातल्या त्यात निरोगी असतो आणि सपाट, शांत दिसणारा भाग आजारी असतो. पाहणाऱ्याचे लक्ष मात्र नेमके उलट ठिकाणी जाते.

हृदयशस्त्रक्रियेनंतर डाव्या निलयामागे किंवा डाव्या अलिंदामागे रक्ताची गुठळी साचून घट्ट झाली, तर फक्त डावी बाजू आवळली जाते. अशा रुग्णाच्या मानेच्या शिरा फुगत नाहीत, यकृत वाढत नाही, पाय सुजत नाहीत; त्याला फक्त धाप लागते आणि फुप्फुसांत पाणी साचते. हृदयावरणाचा विकार म्हणजे उजव्या बाजूची लक्षणे, हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेले असल्याने हे निदान सुचतच नाही. छातीवरून केलेल्या इकोला हृदयाची मागची बाजू नीट दिसत नाही; अन्ननलिकेतून केलेला इको, सीटी किंवा एमआरआय यांपैकी काहीतरी करावेच लागते. माझ्या अनुभवात या ठिकाणी सीटी सर्वांत जलद उत्तर देते.

एमआरआय ही सर्वांत डौलदार सेवा आहे, आणि सर्वांत नखरेल देखील. मोकळ्या श्वासात घेतलेल्या रिअल-टाइम चित्रफितीत पडदा श्वासाच्या पहिल्या एक-दोन ठोक्यांत डावीकडे झुकताना प्रत्यक्ष पाहता येतो, आणि ते दृश्य एकदा पाहिले की शरीरक्रियेची आकृती काढून दाखवायची गरज उरत नाही. स्नायूवर जाळीदार रेषा उमटवून आवरणाचे थर एकमेकांवरून घसरतात की चिकटलेले आहेत, हेही तपासता येते. परंतु नेहमीच्या हृदय-एमआरआयची बहुतेक चित्रे रुग्णाला श्वास रोखायला सांगून घेतली जातात, आणि चिठ्ठीवर नुसते ‘कार्डियाक एमआरआय’ लिहिले, तर नेमकी श्वासाचीच चित्रफीत त्या यादीत नसते. एवढा वेळ खर्चून, धाप लागणाऱ्या माणसाला नळीत निजवून, ज्यासाठी पाठवले तेच न पाहता तो परत यावा, याला मी सेवेतील गंभीर उणीव मानतो. शिवाय कॅल्शियम एमआरआयवर काळेच दिसते, आणि तंतुमय आवरणही काळेच दिसते. त्यामुळे संपूर्ण कवच डोळ्यांदेखत असून ओळखू येत नाही, असेही घडते.

तरीही एका गोष्टीसाठी एमआरआयला पर्याय नाही, आणि ती म्हणजे दाह ओळखणे. काही रुग्णांत कन्स्ट्रिक्शन कायमचे नसते: तीव्र पेरिकार्डायटिसनंतर सुजलेले, दाहाने ताठरलेले आवरण हृदयाला आवळते आणि दाह शमला की ते पुन्हा सैल होते. इकोवर हे तात्पुरते रूप आणि कायमचे रूप यांत फरक दिसत नाही. दोन्हीकडे पडदा सरकतो, दोन्हीकडे यकृत-शिरांत रक्त मागे फिरते. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिल्यानंतर उशिरा घेतलेल्या चित्रात मात्र दाहग्रस्त आवरण उजळून निघते, विशेषतः शेजारच्या चरबीचा संकेत दाबून चित्र घेतले असेल तर. २०११ मधील मेयो क्लिनिकच्या २९ रुग्णांच्या अभ्यासात दाहविरोधी उपचारांनी १४ जणांचे कन्स्ट्रिक्शन ओसरले, आणि उजळलेल्या थराची जाडी ३ मिलिमीटर किंवा अधिक असणे हे ते ओसरेल की नाही याचे भाकीत ८६ टक्के संवेदनक्षमतेने आणि ८० टक्के विशिष्टतेने करू शकले. रुग्णसंख्या लहान आहे हे मान्य करूनही, ज्या चित्राने एखाद्याची छाती उघडणे टळू शकते त्या चित्राची किंमत मी कमी लेखणार नाही. पेट-सीटीनेही आवरणातील दाह दिसतो आणि उपचारांना प्रतिसाद मिळेल का याचा अंदाज बांधता येतो. परंतु माझ्या वापरात ती सेवा क्वचितच आलेली असल्याने तिला मी गुण देत नाही.

इथे जाड आवरणाचा अर्थ पूर्ण उलटतो, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सामान्य समजुतीप्रमाणे जितके आवरण जाड तितका आजार पुढे गेलेला. पण उजळणारे, जाड, सुजलेले आवरण परतण्याची आशा दाखवते, तर पातळ, न उजळणारे, वाळलेल्या चामड्यासारखे आवरण शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही. माझ्या त्या पहिल्या रुग्णाचे २ मिलिमीटरचे आवरण याच दुसऱ्या जातीचे होते.

कन्स्ट्रिक्शन आणि द्रव एकत्र असण्याचा प्रकार कोणत्याही एकाच चित्रात मावत नाही. हृदयाभोवती पाणी साचून टॅम्पोनेड, म्हणजे त्या पाण्याखाली हृदय दबणे, झालेले आहे, इकोवर ते स्पष्ट दिसते आहे, सुईने पाणी काढले जाते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मानेच्या शिरा उतरत नाहीत. दोष बाहेरच्या थरात नसून हृदयाला थेट लगटून असलेल्या आतल्या थरात असतो, आणि तो थर इतका पातळ असतो की प्रतिमेवर वेगळा दिसेलच असे नाही. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालिकेत पेरिकार्डायटिसच्या १,१८४ रुग्णांपैकी १५ जणांत हे रूप सापडले होते, आणि त्याची व्याख्या चित्रावर नव्हे तर दाबावर बेतलेली आहे: आवरणातला दाब शून्याजवळ आणल्यावरही उजव्या अलिंदातला दाब निम्म्याने किंवा पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या खाली उतरला नाही, तर आतला थर आवळत आहे असे समजावे. म्हणून पाणी काढण्यापूर्वी केलेला इको कितीही अचूक असला तरी तो अर्धाच असतो. पाणी काढल्यानंतर, रुग्ण अजून खाटेवर असतानाच, यकृत-शिरा आणि ई-प्राइम यांची पुन्हा नोंद घेतली गेली पाहिजे. ही दुसरी नोंद न मागता मिळाली, असे माझ्या बाबतीत अद्याप एकदाच घडले आहे.

यकृताचा वेश घेतलेले रूप तर सर्वांत जुने. फ्रीडेल पिकने १८९६ मध्ये यकृताच्या सिरोसिसच्या थाटात वावरणाऱ्या पेरिकार्डायटिसचे वर्णन केले तेव्हा क्ष-किरणांचा शोध जाहीर होऊन जेमतेम काही महिने झाले होते, आणि श्वास घेताना मानेच्या शिरा फुगण्याची खूण कुसमाउलने त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, नोंदवलेली होती. इतक्या वर्षांनंतरही असे रुग्ण पोटाच्या सोनोग्राफीतच अडकून राहतात. वास्तविक त्याच सोनोग्राफीत धागा असतो: सिरोसिसमध्ये यकृताच्या शिरा सहसा बारीक होतात आणि इथे त्या व महाशीर दोन्ही फुगलेल्या असतात. जलोदरातल्या पाण्यात प्रथिनांचे प्रमाण डेसिलिटरला २.५ ग्रॅम किंवा अधिक भरले, तर संशय आणखी वाढायला हवा. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्याने शिरांबद्दल एक ओळ लिहिली असती, तर माझ्या रुग्णाचे बरेच महिने वाचले असते.

कॅथेटर तपासणी ही प्रतिमा नाही, तरीही तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण चित्रे एकमेकांशी भांडू लागली की निवाडा तिच्याकडेच जातो. दोन्ही निलयांतले दाब शेवटी समान होणे आणि भरण्याच्या आलेखाला वर्गमुळाच्या चिन्हाचा आकार येणे, या जुन्या खुणा स्नायूच्या ताठरपणातही दिसतात. दोन्ही निलयांचे दाब एकाच वेळी, मोकळ्या श्वासात नोंदवून ते परस्परांच्या उलट दिशेने चढउतार करतात का, हे पाहणे त्याहून पुष्कळ भरवशाचे आहे. २००८ मधील मेयोच्या अभ्यासात या चढउताराच्या क्षेत्रफळावर आधारलेल्या निर्देशांकाची संवेदनक्षमता ९७ टक्के भरली होती. पण इथेही नेहमीची अडचण आहेच: एकच कॅथेटर आधी एका निलयात आणि मग दुसऱ्यात नेऊन घेतलेल्या नोंदी मला मिळतात, आणि त्यांवरून परस्परसंबंध ठरवता येत नाही.

एकूण गुण द्यायचे झाले, तर श्वासाच्या आलेखासह, यकृत-शिरा आणि कड्याच्या दोन्ही बाजू नोंदवून केलेल्या इकोला मी साडेचार देईन, आणि हे सर्व वगळून केलेल्या इकोला दिलेले दोन गुण कायम ठेवीन. सीटीला कॅल्शियमचा नकाशा, स्थानिक आवळणे आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारी यांसाठी चार, परंतु आजार नाकारण्याच्या कामी एकही नाही. एमआरआयला चार, श्वासाची चित्रफीत नसेल तर अडीच. माझ्या चिठ्ठीचा मजकूरही आता बदलला आहे. पूर्वी मी ‘टूडी इको, कन्स्ट्रिक्शन आहे का?’ एवढेच लिहीत असे. हल्ली मी लिहितो: श्वासाचा आलेख लावून पडद्याची हालचाल निदान दहा ठोके नोंदवावी; यकृत-शिरांतील प्रवाह श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा द्यावा; मायट्रल कड्याचा वेग आतून आणि बाहेरून दोन्हीकडे मोजावा; बदल न दिसल्यास रुग्णाला बसवून पुन्हा पाहावे; जाडीचा आकडा देऊ नये. पहिल्यांदा ही चिठ्ठी पाठवली तेव्हा इको-कक्षातून फोन आला की एवढ्याला पाऊण तास लागेल. मी लागू द्या म्हणालो.